पितळेखालचा पिवळा डाग

रायफलची माशी दिसेनाशी झाली तेव्हा मी पहिला संशय रायफलवरच घेतला. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जे बारीक पातं असतं, त्याला माशी म्हणतात. आधी ती कडेनं केसाळ दिसायला लागली, मग एकीच्या दोन झाल्या, आणि एका शनिवारी नेमबाजीच्या क्लबात आडवा पडून नेम धरला तर तिथं नुसता धुरकट ठिपका. मी रुमालानं माशी पुसली. शेजारच्याला म्हटलं, जरा बघतोस का, वाकलीबिकली आहे का ती? त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, सुईसारखी सरळ आहे. मला वाटलं, पुढच्या महिन्याच्या स्पर्धेत हा माझ्याविरुद्ध उभा राहणार, हा कशाला खरं सांगेल!

हॉलंडमधल्या आमच्या बेस्ट नावाच्या गावात चष्म्याच्या दुकानातल्या मुलीनं तपासून सांगितलं, की पन्नाशीनंतर हे व्हायचंच. चष्मे विकणारी दुसरं काय सांगणार, असं मनात म्हणत मी तिच्याकडून एकामागून एक तीन चष्मे करून घेतले. एकातून माशी स्वच्छ दिसायची, पण शंभर मीटरवरचं लक्ष्य तव्यावरच्या लोण्यासारखं पसरायचं. दुसऱ्यातून लक्ष्य दिसायचं आणि माशी गायब व्हायची. तिसऱ्यातून दोन्ही दिसायचं, मात्र मान अशा काही कोनात वळवावी लागायची की संध्याकाळी बायकोला खांद्याला बाम चोळायला सांगावं लागे. तिनं चोळला, पण बोलत बोलत चोळला.

उरला एकच उपाय, रायफलवर दुर्बीण बसवायची. त्यासाठी तिच्या मुख्य पोलादी चौकटीला चार भोकं पाडावी लागणार होती. एकदा पाडलेली भोकं परत बुजत नाहीत. शिवाय अशी रायफल आमच्या क्लबातल्या जुन्या लष्करी बंदुकांच्या स्पर्धेत चालत नाही. तिथं ती सैन्यातून जशी आली तशीच असावी लागते. आणि भोकं नाही पाडली, तर मला तिनं नेम धरता येणार नव्हता. न वापरलेल्या बंदुकीचा परवाना या देशात फार दिवस कोणी चालू देत नाही. म्हणजे एक तर ती बिघडवायची, नाही तर विकायची. वसंत ऋतूतले दोन महिने मी याच विचारात घालवले, आणि विचार करताना माझा स्वभाव काही फार बरा नसतो.

ही रायफल कुठली, ते सांगितलं पाहिजे. आपल्याकडे पोलीस चौकीबाहेरच्या हवालदाराच्या खांद्याला जी थ्री नॉट थ्री लटकलेली असायची, तीच ही. बंगालमधल्या सरकारी कारखान्यात बनलेली, चौकटीवर सिंहांचा शिक्का. सैन्यानं वापरून झाली, पोलिसांनी वापरून झाली, मग भंगाराच्या भावात ढिगानं विकली गेली आणि फिरत फिरत हॉलंडमध्ये आली. थोडंफार माझ्यासारखंच, फक्त मला नोकरीच्या व्हिसावर आणलं होतं.

माझे वडील पुण्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात याच रायफलीची काडतुसं तपासायचे. नोकरीभर तेवढंच केलं. काडतूस मापात सरकवायचं. गेलं तर उजवीकडे, अडलं तर डावीकडच्या लाल पेटीत. त्यांनी आयुष्यात एकदाही गोळी झाडली नाही. तपासायची सवय मात्र घरीही यायची. आंब्याची पेटी घेताना ते तळाचा थर आधी उपसून बघत, कारण वरचा थर सगळेच चांगला लावतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी मुलीकडच्यांना इतके प्रश्न विचारले की माझ्या सासऱ्यांना वाटलं, हे आयकर खात्यात असावेत. मीही शेवटी तपासनीसच झालो. बेस्टजवळच्या एका कंपनीत मी मशीनचे सुटे भाग मोजतो आणि नाकारतो. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. ही रायफल मी घेतली ती वडिलांसाठी, ते गेल्यानंतर. त्यांनी उजवीकडे टाकलेलं प्रत्येक काडतूस अशाच कुठल्या तरी रायफलीत गेलं असणार. त्यांनी न झाडलेल्या गोळ्या मी झाडतोय, असं मला वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

विकणारा होता आमच्या क्लबातला एक म्हातारा. ऐंशीच्या पुढचा, कारखान्यातली अवजारं घडवणारा निवृत्त टूलमेकर, हात अजून पकडीसारखे. तीन वर्षांपूर्वी कँटीनमध्ये तोच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "माझ्याकडे तुमच्या देशातली एक रायफल आहे. ती तू घे. तुला ती माझ्यापेक्षा जास्त कळेल." किंमत इतकी कमी सांगितली की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी विचारलं, काही बदललंय का तिच्यात? तो म्हणाला, "कोणी हात लावलेला नाही. तिकडून आली तशीच आहे." हे तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो कधीच डोळ्यांत बघत नसे. बोलताना त्याची नजर माझ्या कानापाशी कुठं तरी असायची. भिंतीवरची नेमबाजांची यादी तो स्वतः वाचत नसे, दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावी. पूर्वी स्वतः गाडी चालवत यायचा, आता मुलगी सोडायला यायची. नेम धरणं तर त्यानं बंदच केलं होतं, तरी दर शनिवारी हजर. कुठं तरी पाणी मुरतंय, हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तरीही मी ती घेतली, कारण मला ती हवी होती.

माझी नजर अधू झाल्याचं कळलं तेव्हा त्यानं खिशातून काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा काढून दिला होता. त्याच्या मधोमध टाचणीनं पाडलेलं भोक. "चष्म्याच्या काचेवर चिकटव," म्हणाला. "थोडा अंधार होईल, पण माशीही दिसेल आणि लक्ष्यही. आणि त्या पोलादाला हात लावायच्या आधी मला एकदा सांग." मी तो तुकडा बंदुकीच्या पेटीच्या कप्प्यात टाकला आणि विसरून गेलो. एवढं स्वस्त औषध खरं असेल यावर माझा विश्वास बसेना. आणि विकून टाकलेल्या वस्तूत याला अजून एवढा रस का? मी कंटाळून विकीन आणि हा परत घेईल, असा काही बेत असावा.

घरी या रायफलीचं स्थान म्हणजे मुलीच्या खोलीतलं कपाट. मुलगी डेल्फ्टला शिकायला गेली आणि पोलिसांच्या नियमाप्रमाणे मी तिच्या कपाटात भिंतीला बोल्टनं जखडलेली तिजोरी बसवली. "बाबा, सीरियसली? माय रूम?" एवढंच ती फोनवर म्हणाली. किल्ली फक्त माझ्याकडे, तोही नियमच. बायकोला ती वस्तू घरात नकोच होती. पण पहिल्या वर्षी खंडेनवमीला तिनं माझा मोजमापाचा व्हर्नियर, तिचा लॅपटॉप, मिक्सर आणि दोन्ही सायकली पूजेला घेतल्या, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि ते? शस्त्र म्हणायचं तर घरात तेवढंच एक आहे."

मी म्हटलं, काढतो बाहेर.

"अजिबात नाही. बेल वाजली आणि पोलीस आले तर त्यांना काय सांगायचं, प्रसाद घ्या?" असं म्हणून तिनं तिजोरीच्या बंद दाराला हळदकुंकू वाहिलं, वर एक शेवंती चिकटवली आणि हात जोडले. तेव्हापासून दरवर्षी तसंच. रायफलीला तिनं आजवर बोटही लावलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं त्याला महत्त्व आलं.

पोलादाला भोक पाडायचा अधिकार इथं परवानाधारक कारागिरालाच असतो. मला सापडली ती तिशीतली एक बाई. औद्योगिक वसाहतीत तिचं वर्कशॉप, हातावर तेलाचे डाग, बोलणं तुटक. तिनं रायफल फडक्यावर ठेवली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "पाडते मी. दोन तासांचं काम आहे. पण घरी जा, विचार कर, पुढच्या महिन्यात ये. भोकं पाडून घेतलेली माणसं नंतर मलाच शिव्या देतात."

काम नाकारणारी कारागीर मी पहिल्यांदाच बघत होतो. भाव वाढवायची युक्ती असेल म्हणून मी म्हटलं, तारीख आत्ताच ठरवू. तिनं खांदे उडवून गुरुवार दिला. मग चौकटीच्या पुढच्या लाकडावर तिनं नख ठेवलं. "तसंही हिच्यात कोणी तरी आधीच उद्योग केलाय. हा बघ."

लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू गेला होता. दोन्ही टोकं लाकडाच्या पातळीत घासलेली. तीन वर्षं मी ही रायफल पुसत होतो आणि मी, भाग मोजण्याचा पगार घेणारा माणूस, तो स्क्रू मूळचाच समजत होतो. इंग्रजांच्या मूळ रायफलीत असा स्क्रू नसतो, असं ती म्हणाली. कोणी हात लावलेला नाही म्हणे!

शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला, ऑफिसातलं भिंग आणलं आणि तपासणी मांडली. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा असतो. त्यात एक छोटं झाकण, आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवायची पोकळी. मी कधी झाकण उघडून आत दोरी कोंबण्यापलीकडे तिथं लक्ष दिलं नव्हतं. या वेळी पत्राच उतरवला. खालच्या लाकडात, पोकळीच्या काठावर, पिवळा डाग. तेलात मुरलेला, रुपयाएवढा, कडेला नारिंगी. बाकीचं लाकूड चहासारखं तपकिरी आणि हे एवढंच पिवळं.

मला सगळं लख्ख कळलं. म्हाताऱ्यानं दुसऱ्या कुठल्या तरी रायफलीचं लाकूड हिला बसवलं होतं, ते घट्ट राहावं म्हणून स्क्रू मारला होता, आणि रंग जुळवायला पॉलिश फासलं होतं. पितळेखाली पॉलिशचा पहिला हात तसाच राहून गेला. टूलमेकरच तो, त्याला काय अवघड! वरचा थर चांगला लावला होता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाबरोबर सुटल्यासारखंही वाटलं. तेव्हा मी ते स्वतःशी कबूल केलं नाही. रायफल खोटी असेल तर तिला भोकं पाडण्यात काय पाप? गुरुवारी मी निर्धास्त जाऊ शकत होतो.

त्याच दुपारी क्लबात गेलो. कँटीनमध्ये सहासात जण कॉफी पीत बसले होते. म्हातारा नेहमीच्या खुर्चीत, कप दोन्ही हातांत धरून. मी फोनवरचे फोटो त्याच्या समोर धरले आणि म्हटलं, "तू मला फसवलंस." माझं डच कामापुरतं आहे, त्यात गोडीगुलाबीची वाक्यं नाहीत, त्यामुळे जे निघालं ते सरळ तोंडावरच निघालं. लाकूड बदललंस, स्क्रू मारलास, पॉलिश केलंस, आणि मला सांगितलंस की कोणी हात लावलेला नाही. काउंटरवरच्या बाईनं दूध गरम करायचं मशीन बंद केलं.

म्हाताऱ्यानं फोटोंकडे पाहिलंच नाही. माझ्या कानाच्या दिशेनं बघत तो म्हणाला, "स्क्रू तुमच्या लोकांनी मारलाय. तुमच्याच कारखान्यानं. लाकडाला चीर जायची म्हणून त्यांनी जुन्या नव्या सगळ्या रायफलींत तो घालायला सुरुवात केली. तुमच्या देशातून आलेली आहे याची ती खूणच आहे. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"आणि तो पिवळा डाग?"

"हो, पत्र्याखालचा. तो मी घेतली तेव्हापासून आहे. कसला ते मला कधीच कळलं नाही. मी कितीदा वास घेऊन पाहिला." मग त्यानं कप खाली ठेवला. "मला वाटलं होतं, तू सांगशील. म्हणून तर तुला दिली."

मी बाहेर आलो. गाडीत बसून फोनवर शोधलं. आपल्या कारखान्यातल्या रायफलींचे फोटो जगभरच्या लोकांनी टाकले होते, आणि एकामागून एक प्रत्येकीच्या लाकडात तोच स्क्रू, त्याच जागी. मी वीस तरी फोटो बघितले, स्क्रू नसलेला एखादा तरी सापडेल या आशेनं. नाही सापडला. सरकारी कारखान्यातल्या तपासनिसाचा मुलगा, आणि सरकारी कारखान्यानंच केलेली दुरुस्ती मी एका डच माणसाची लबाडी ठरवली होती. सगळ्यांसमोर तोंडघशी पडलो होतो. तरीही घरी येईपर्यंत मी डागाला धरूनच होतो. स्क्रूचं ठीक आहे, पण डाग तर पॉलिशचाच असणार.

रविवारी सकाळी दस्ता पुन्हा टेबलावर होता. बायको पोह्यांची बशी ठेवायला जागा शोधत आली आणि वाकून बघायला लागली.

"हे काय, हळद सांडलीस का यावर?"

मी म्हटलं, हळद नाही, पॉलिश आहे.

"अरे, गेली पंचवीस वर्षं मी तुझ्या शर्टांवरचे डाग काढतेय. मला हळद कळत नाही होय?"

मी तिच्याकडे संशयानं पाहिलं. "तू खंडेनवमीला…"

"किल्ली कोणाकडे असते?" ती म्हणाली. "मी दाराला लावते हळद. आणि ती काय लोखंडातून झिरपत त्या झाकणाच्या आत गेली?"

मी पुन्हा भिंग उचललं. मग तीच म्हणाली, "साबण लाव की. हळद असेल तर लाल होईल. हे काय तुला सांगायला पाहिजे?"

हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे आपल्याकडे लग्नातला सदरा धुतलेल्या कोणालाही ठाऊक असतं. कुंकूसुद्धा हळदीला चुन्याचं पाणी देऊनच करतात. पण मी तपासनीस. मी ते रीतसर केलं. कापसाचा बोळा सॅनिटायझरमध्ये भिजवून डागावर फिरवला, तो पिवळा झाला. दुसऱ्या बोळ्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद, तिसऱ्यावर गॅरेजमधलं लाकडाचं पॉलिश. तिन्ही कागदावर ओळीनं ठेवले आणि भांडी घासायच्या साबणाचा एकेक थेंब टाकला. काही झालं नाही. तिन्ही पिवळे ते पिवळेच. "बघ," मी म्हटलं. मला आनंद झाल्याचं तिला दिसलं असावं.

"डब्यातली हळदसुद्धा लाल झाली नाही, म्हणजे ती पण पॉलिश का? इथल्या त्या साबणात काही दम नाही," असं म्हणून ती सिंकखालचा फरशी पुसायचा हिरवा साबण घेऊन आली. दाट, शेवाळासारखा, जवसाच्या तेलाचा वास येणारा. इथल्या प्रत्येक घरात असतो. तिनंच थेंब टाकले. पॉलिशचा बोळा तसाच राहिला. हळदीचा बोळा विटकरी लाल झाला. आणि रायफलीतला बोळा, आधी नुसता मळकट दिसला आणि मग कडेपासून आत लाल होत गेला.

आम्ही दोघं उभ्याउभ्या त्याच्याकडे बघत राहिलो. पोहे गार झाले.

कोणी तरी कुठल्याशा छावणीत नाही तर पोलीस लाइनीत ही रायफल पुजली होती. पाटावर आडवी ठेवून, दस्त्याच्या पितळी टोकावर हळदीची चिमूट टाकून. आणि ती चिमूट झाकणाच्या फटीतून आत घसरून तेलात मुरली होती. एकदाच की दरवर्षी, काय माहीत. मी लगेच बायकोला म्हटलं, मराठी माणूसच असेल असं नाही हं, तिकडे दक्षिणेतही करतात, सगळीकडेच करतात.

"असू दे की कोणीही," ती म्हणाली. "तुला त्याचंही आधार कार्ड बघायचंय का?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर लाजही वाटली. मला ती रायफल खोटी हवी होती. भोकं पाडायला मोकळं व्हावं म्हणून मी एका म्हाताऱ्याला चारचौघांत लबाड ठरवलं होतं. वडिलांनी आयुष्यभर संशय घेतला, पण काडतूस लाल पेटीत टाकण्याआधी ते दोनदा मापात घालून बघत. स्वतःची सोय व्हावी म्हणून त्यांनी एकही काडतूस डावीकडे टाकलं नसतं. सोमवारी मी वर्कशॉपला फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली. ती बाई म्हणाली, बरं केलंस, आणि फोन ठेवला. या वेळी मी तिच्या बोलण्यात काही शोधलं नाही.

पुढच्या शनिवारी मी एका डबीत हळद, दुसरीत हिरवा साबण, फडक्यात गुंडाळून तो पितळी पत्रा उतरवलेला दस्ता आणि पेटीत बाकीची रायफल, असा सगळा संसार घेऊन क्लबात गेलो. म्हातारा त्याच खुर्चीत. आधी मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याची माफी मागितली, कारण आरोपही तसाच केला होता. तो म्हणाला, "बस. मीही पहिल्या वर्षी तुझ्यावर लक्ष ठेवून होतो. तू लक्ष्यापेक्षा दाराकडे जास्त बघायचास. मी कमिटीला सांगितलं होतं, याला परवान्याची घाई नको." मला हे तेव्हापासून वाटत होतं, आणि खरं निघालं तरी समाधान झालं नाही.

मी टेबलावर कागद पसरला. सॅनिटायझरमध्ये भिजवलेला कापूस डागावर फिरवला, शेजारी दुसऱ्या कापसावर घरची हळद ठेवली आणि आमच्याकडे शस्त्रांची पूजा कशी करतात ते जमेल तसं सांगत दोन्हींवर साबणाचे थेंब टाकले. दोन्ही लाल झाले. काउंटरवरची बाईसुद्धा वाकून बघत होती. म्हातारा मात्र माझ्या कानाकडेच बघत होता.

"बघ ना," मी म्हटलं.

"काय रंग झालाय?"

"हा काय, समोर आहे."

"मला मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. एवढ्या बारीक कापसाचा रंग मला नाही कळायचा."

ती न वाचलेली यादी, दोन्ही हातांनी धरलेला कप, मुलीची गाडी, माझ्या कानापाशी अडलेली नजर. तीन वर्षं मी एकेक पुरावा जमवून ठेवला होता आणि एकदाही त्याला साधं विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुला काय होतंय? त्याला माशी दिसेना झाली तेव्हा चिकटपट्टी करून बघितली, तीही पुरेना झाली, आणि तेव्हाही त्यानं भोकं पाडली नाहीत. ज्याला ती कळेल अशा माणसाला देऊन टाकली.

"लाल झालाय," मी म्हटलं. "दोन्ही कापूस सारखेच. ती हळद आहे. आमच्याकडे या रायफलीची पूजा झालेली आहे."

वाटलं होतं, तो आणखी कोणाला तरी विचारील. शेजारी सहा जण बसले होते, सगळ्यांना रंग दिसत होता. मी असतो तर दोघांना तरी विचारलं असतं.

"तू म्हणतोस म्हणजे हळदच," तो म्हणाला आणि दस्त्यावरच्या त्या डागावरून अंगठा फिरवला. "बरं झालं, कळलं."

मग त्यानं मला ती जोडायला लावली. मी पत्रा बसवला, पेटीच्या कप्प्यातून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा शोधून काढला, चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटवला आणि लक्ष्याकडे तोंड करून आडवा पडलो. तो माझ्यामागे खुर्ची ओढून बसला. टाचणीच्या भोकातून जग संध्याकाळ झाल्यासारखं अंधुक दिसत होतं. पण त्या अंधारात माशी होती, एकच, काळी, आणि तिच्या पलीकडे लक्ष्य. मी श्वास सोडला आणि गोळी झाडली.

"कुठं लागली?" त्यानं विचारलं.

मी शेजारच्या दुर्बिणीतून बघितलं. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यानं ते खरं मानलं असतं.

"सहा गुण," मी म्हटलं. "खाली, डावीकडे."

"मग थोडी वर धर," तो म्हणाला.